डोकं एक, आटे दुसरे

बेळगावात लोखंडाला शत्रू दोन. एक आमचा पाऊस आणि दुसरा आमचा ‘बघूया की’. मृगापासून हस्तापर्यंत पाऊस गंज चढवतो आणि ‘पाऊस उघडल्यावर बघूया की’ म्हणत आपण तो गंज पुढच्या पावसाच्या हवाली करतो. आमच्या काकांची एमजी गाडी १९८८ च्या पावसाळ्याआधी शहापुरातल्या घराच्या परसात, पत्र्याच्या शेडमध्ये शिरली, ती या दोघांच्या संगनमतानं छत्तीस वर्षं बाहेर आली नाही.

एमजी म्हटलं की हल्लीच्या मुलांच्या डोळ्यांपुढे वेगळंच काही उभं राहतं. माझा पुतण्या म्हणाला, “म्हणजे हेक्टर का?” २०१९ पासून गुजरातेत हालोलला तयार होऊ लागलेली उंच गाडी त्यानं पाहिलेली. त्याचं चुकलं नाही. बिल्ला तोच, अष्टकोनी. पण काकांची एमजी त्या हेक्टरच्या पणजीच्या वयाची. ‘टीडी’ नावाचं हे मॉडेल इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९४९ ते १९५३ या काळात झालं. जवळपास तीस हजार गाड्या निघाल्या आणि बहुतेक साऱ्या अमेरिकेला गेल्या. दोन माणसांची बैठक, कापडी टप, पाठीवर टांगलेली स्टेपनी, दोन्ही बाजूंनी पंखांसारखं उघडणारं बॉनेट, आणि पुढची काच अशी की सैल केली तर बॉनेटवर आडवी निजते. इंजिन साडेबाराशे सी.सी.चं. आजच्या हिशेबानं ताकद फार नाही. पण इतकं खाली, वाऱ्यात बसल्यावर चाळीसचा वेगही ऐंशीसारखा वाटतो. पेट्रोलचा काटा तिला नाहीच. टाकी तळाला येत चालली की एक हिरवा दिवा लागतो, तेवढंच. काका म्हणायचे, “शहाण्या माणसाला एवढी सूचना पुरे.”

काकांनी ती १९६७ साली कॅम्पातून बदलून जाणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली. काका तेव्हा पंचविशीतले, दुसऱ्याच्या लेथवर काम करणारे टर्नर. उद्यमबागेत स्वतःचं छोटं वर्कशॉप पुढे झालं. ‘लेथवरच्या पोराला मोटार कशाला?’ असं सगळं शहापूर विचारत होतं म्हणे. गाडीचा नंबर जुन्या मुंबई राज्याचा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ ला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. पाटी मात्र तीच. एवढी स्थित्यंतरं त्या गाडीनं बेळगाव न सोडता पाहिली.

मग पार्ट मिळेनात, वर्कशॉपचा व्याप वाढला, स्कूटर सोयीची झाली. पुढे काचबिंदूनं काकांची दृष्टी हळूहळू नेली. तरी दर खंडेनवमीला काका चाचपडत शेडमध्ये जायचे आणि धुळीनं पांढऱ्या झालेल्या बॉनेटवर झेंडूची माळ घालून यायचे. त्यांचा हात धरून नेण्याचं काम बहुधा माझ्याकडे असे.

२०२३ साली घर वाटणीला निघालं. वाडा पाडून तिथं इमारत उठणार, सगळ्यांना आपापला हिस्सा मिळणार. कागद तयार झाले, आत्यांनी सह्या केल्या, मी केली. काकांची सही तेवढी होईना. “बघूया की,” म्हणायचे आणि रेडिओ लावायचे. दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, बंगळूरहून दोनदा येऊन गेला. “बाबा, आता कोण चालवणार ती? कशाला अडून राहायचं?” असं गाडीबद्दलही बोलून झालं. भंगारवाला वजनाचा भाव सांगून गेला. पुण्याचा एक गिऱ्हाईक फोनवर म्हणाला, “आहे तशी ट्रकवर घालून नेतो.” दादा आणि आमच्यात थोडी धुसफुसही झाली. त्याला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते, त्यात गैर काहीच नव्हतं.

एका संध्याकाळी काकू मला मागच्या दाराशी थांबवून म्हणाल्या, “अरे, घराचं त्यांना काही नाही बघ. ते म्हणतात, स्वतःच्या चाकांवर आलेली गाडी दोरी बांधून कशी घालवू? तेवढंच घेऊन बसलेत.”

तेव्हा मी मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री पोरवयात काकांच्या वर्कशॉपला लागलेले. आता त्यांचीच साठी उलटलेली. घरी कानडी, आमच्याशी मराठी, पोरांशी दखनी, आणि यंत्राशी पुन्हा कानडी. शेडचं दार उघडून मी उत्साहानं नवी बॅटरी पुढे केली, तर त्यांनी हातानंच थांबवलं. “निधान री, स्वल्प निधान!” म्हणजे सावकाश. आम्हां मराठी माणसांना त्यात ‘निदान’ ऐकू येतं. पुढच्या सहा महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की जुन्या गाडीच्या बाबतीत दोन्ही एकच.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला एकदम स्टार्टर मारला तर अडकलेल्या पिस्टन रिंगा तुटतात. म्हणून आधी चारही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल यांचं मिश्रण सोडलं आणि आठ दिवस गाडीला हात लावला नाही. तोवर चाकं. ब्रेकचे रबरी वायसर दगड झालेले, पंपातले पिस्टन जागीच रुतलेले. ते सोडवून चाकं मोकळी केली. नवव्या दिवशी टॉप गिअर टाकून आम्ही तिघं गाडी पुढे-मागे झुलवू लागलो. बराच वेळ काही नाही. मग आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि फॅन दोन बोटं फिरला. मिस्त्रींनी कपाळाचा घाम पुसला नि म्हणाले, “आता चहा सांगा.”

गंमत पुढे आली. इंजिनाचे नट खोलायला घेतले, तर आपले मिलिमीटरचे पाने बसेनात. बोल्ट नवे आणावेत, तर आत जाईनात. दुकानातला आठचा बोल्ट दोन आट्यांवरच अडायचा. शेवटी एक बोल्ट काकांच्या हातात नेऊन दिला. त्यांनी आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि दिसत नसलेल्या डोळ्यांनी हसले. “डोकं इंग्रजी आहे, आटे फ्रेंच. बाजारातल्या आठला सव्वा मिलिमीटरचा आटा असतो, याचा एकचा आहे. माझ्या खाटेखालची पेटी काढ.”

पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेले व्हिटवर्थ मापाचे पाने होते, आणि त्याबरोबर एक कथा. कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनाचा कारखाना मॉरिसनं १९२३ साली विकत घेतला. यंत्रं फ्रेंच मापांची. ती बदलायची तर सगळा कारखाना बदलावा लागला असता. म्हणून आटे मेट्रिकच राहू दिले. पण नट-बोल्टची डोकी व्हिटवर्थ केली, का तर इंग्रज मेकॅनिकच्या खिशातला पाना चालावा. ती रीत तीस वर्षं टिकली आणि एमजीच्या इंजिनातही उतरली. हे ऐकून मिस्त्री म्हणाले, “म्हंजे आमच्यासारखंच की ओ. बाहेर एक बोलायचं, आत दुसरं फिरूलालंय.” काका खूष झाले. उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या लेथवर त्यांच्या देखरेखीखाली एक मिलिमीटर आट्याचे बोल्ट कापून झाले. देखरेख म्हणजे प्रत्येक बोल्टवरून नख.

मग सुतार आला. गाडीला सुतार कशाला, असं शेजाऱ्यांनी विचारलंच. या एमजीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो, ॲश नावाच्या विलायती झाडाचा. आमच्या सांगाड्याचा दाराखालचा भाग वाळवीनं खाल्ला होता. जुन्या वाड्याची एक सागवानी तुळई पाडापाडीत निघणारच होती. तिच्यातून दोन्ही दारांचे तुकडे निघाले. काकू त्या लाकडावरून हात फिरवून म्हणाल्या, “बाळंतिणीच्या खोलीतली आहे ही.”

पेट्रोलच्या टाकीतून तर काकवीसारखं काही तरी बाहेर पडलं, वास जुन्या वार्निशचा. टाकीत बारीक खडी आणि पाणी घालून ती खुळखुळवली, गंजाच्या खपल्या काढल्या. रबरी नळ्या झाडून बदलल्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यानं लवकर खराब होतं. हे इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचंही असू शकेल, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार! बॅटरीची तऱ्हाही निराळी. आजच्या गाड्यांच्या उलट, हिची धन बाजू अंगाला जोडलेली. नव्या पोरांना मिस्त्रींनी ते तीनदा सांगितलं.

कागदांचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. जुलै २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात सांभाळलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि आधी नोंद असेल तर जुना नंबरही राहतो. रोजच्या वापराला मात्र परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. अर्जावर मालकाची सही हवी होती. मी बोट ठेवून जागा दाखवली. घराच्या कागदाला सात महिने हात न लावलेल्या काकांनी ती सही विनातक्रार केली.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, मे २०२४ मध्ये, किल्ली फिरवली. आधी पेट्रोलचा विजेवरचा पंप टिकटिकू लागला. कार्बोरेटर भरले तशी टिकटिक थांबली. मिस्त्रींनी स्टार्टरची मूठ ओढली. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा धरली. निळा धूर सगळ्या परसात झाला, तुळशीवृंदावनसुद्धा दिसेना. काका खुर्चीत मान एका बाजूला कलवून ऐकत होते. “दुसऱ्याचा टॅपेट वाजतोय,” ते म्हणाले. मिस्त्रींनी मोजून पाहिलं. दुसऱ्याचाच होता.

दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली. चालवायला मिस्त्री, शेजारी काका, आणि मी मागून स्कूटरवर. शहापुरातून निघून पेट्रोल भरून माझ्या टिळकवाडीच्या घरापर्यंत, एवढंच अंतर. काच आडवी टाकायला काकांनीच सांगितलं. चष्मा काढून खिशात ठेवला होता, त्याचा तसाही उपयोग नव्हता. वाटेत कानडी शाळेतली मुलं ओरडली, मराठी शाळेतलीही ओरडली. ओरडण्यात फरक काही कळला नाही. रेल्वे फाटक नेमकं बंद होतं. काकांनी इंजिन बंद करू दिलं नाही.

घरी उतरल्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, “दादाला फोन लाव. वाटणीचा कागद घेऊन ये म्हणावं.” गाडी विकायची की ठेवायची, हेही त्यांनीच ठरवलं. “आता चालती आहे. दादाला ठरवू दे. पण जाईल तिथं चालत जाईल.” दादानं अजून विकलेली नाही. पैशांची सोय घराच्या हिश्श्यातून झाली. आणि खरं सांगायचं तर त्याच दिवाळीत त्याला खानापूर रोडवर एक फेरी मारायला मिळाली, तेव्हापासून पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन तो उचलत नाही.

शेडच्या जागी आता इमारतीचा पाया भरला आहे. गाडी माझ्या पोर्चमध्ये असते. दर पंधरा दिवसांनी मिस्त्री येतात, इंजिन तापेपर्यंत चालू ठेवतात. काकांना फोनवर आवाज ऐकवावा लागतो, नाही तर रुसतात. टप तेवढा राहिला आहे. शहापुरातल्या एका शिंप्यानं माप नेलं आहे. पाऊस उघडल्यावर देतो म्हणालाय.