मधपेटीची टिपणवही

मधमाशांच्या पेट्यांची रांग पाहिली कीं मला वर्गाचें हजेरीपुस्तक आठवतें. पेट्या बाहेरून सारख्या, पण प्रत्येकीचा संसार निराळा. एकींत राणी नवी, तर दुसरींत अन्नाची टंचाई. हा भेद पावसाळ्यांत विसरला गेला, तर आपली सातेरी माशी उपासमारीनें पेटी सोडून निघून जाते. म्हणून आतां कित्येक पाळक प्रत्येक पेटीवर काळ्यापांढऱ्या चौकोनांची क्यूआर-खूण चिकटवितात. ही खूण १९९४ सालीं जपानांत निघाली. मोबाइलनें ती टिपतांच त्या पेटीची टिपणवही उघडते: राणी केव्हां दिसली, साखरेचा पाक केव्हां दिला, मध किती निघाला. मधमाशीला वाचा नाहीं. तिच्या वतीनें ही नोंदच बोलते. यंत्राहून मला ही काळजी अधिक मोलाची वाटते. परंतु झांकण उघडून स्वतः पाहिल्यावांचून केलेली नोंद, मग ती कितीहि नव्या यंत्रांत असो, व्यर्थ होय.