धानोऱ्याची पथारी

धानोऱ्याला निघालो तेव्हा आमच्या सौ.ने विचारले, “तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?” मला उत्तर सुचले नाही. कचेरीतले एक स्नेही निवृत्त होऊन त्या आपल्या गावी राहायला गेले होते आणि दर वर्षी ‘पौषात या’ म्हणून आग्रह करीत होते, एवढेच माझे प्रयोजन.

मुंबईहून सुरतेचा वळसा घेऊन गाडी तापीच्या खोऱ्यात शिरते आणि नंदुरबार येते. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. गुजरात आणि मध्य प्रदेश, दोन्हींची शीव त्याला लागलेली. शहराबाहेर पडलो तोच नाक झोंबले. मोकळ्या रानात लाल मिरची वाळत पडली होती. तिला इथे पथारी म्हणतात. नजर जाईल तिथवर लाल, आणि कुंपण कुठेच नाही! एस्टीतल्या शेजाऱ्यांना मी विचारले, “चोरीला नाही जात?” ते नवलाने म्हणाले, “दुसऱ्याची मिरची कोण उचलेल, साहेब?”

धानोऱ्यात भाकरी, ठेचा आणि मायेचा पाहुणचार झाला. संध्याकाळी स्नेह्यांच्या पुतण्याचे मोबाइल-दुरुस्तीचे दुकान पाहायला गेलो. दारावरच्या पाटीच्या खालच्या ओळीवर चुना फासला होता. तरी ‘गाणी व पिक्चर भरून मिळतील’ ही अक्षरे आतून डोकावत होतीच. ज्या पाड्यांवर रेंज धड नाही तिथली मंडळी बाजारच्या दिवशी येत आणि दहा रुपयांत कार्ड भरून नेत, असे त्याने सांगितले.

“कायद्याला भ्यालास वाटते?” मी म्हणालो, आणि शहरी माणसाच्या उत्साहाने व्याख्यानच झोडले. १९५७ चा कॉपीराइट कायदा, त्यातली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची कैद. २००९ साली महाराष्ट्राने व्हिडिओचोरांना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला बसवले ते. २०१७ साली राज्याच्या सायबर विभागात निघालेले खास पथक. एक संकेतस्थळ बंद केले की तेच दुसऱ्या नावाने उगवते, म्हणून २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अशा नव्या अवतारांनाही तोच मनाईहुकूम लागू करण्याची वाट काढली. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटाच्या चोरीला किमान तीन लाखांचा दंड ठरवला, आणि तो निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो!

पोराने सारे शांतपणे ऐकले. “काका, हे तर आज तुमच्याकडूनच कळतंय.”

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. चौघा मित्रांनी लग्नसराईचे पैसे साठवून एक अहिराणी गाणे रचले, ध्वनिमुद्रित केले आणि इंटरनेटवर चढवले. आठ दिवसांत तेच गाणे दुसऱ्याच्या नावावर फिरू लागले; यांच्या गावाचे नाव असलेले कडवे तेवढे कापलेले! बाजारच्या दिवशी एक गिऱ्हाईक दुकानात आले. म्हणाले, “ते नवं गाणं भरी दे.”

“आणि तू?”

“भरून दिलं. दहा रुपये घेतले. आमनं गाणं शे, पण सांगू कोणाला?” तो थोडा थांबला. “त्याच रात्री पाटीला चुना लावला.”

मी गप्प झालो. २०१६ च्या एप्रिलअखेर ‘सैराट’ लागला, तेव्हा त्याच्या चोरट्या प्रती हातोहात फिरत होत्या. आमच्या कचेरीतही एक पेनड्राइव्ह आला. चित्रपटगृह घरापासून दहा मिनिटांवर, खिशात पैसे. तरी तो चित्रपट आम्ही दोघांनी दिवाणखान्यात, भजी खात, फुकट पाहिला. धानोऱ्याच्या पोराला निदान पोटाची सबब होती. माझ्याजवळ तीही नव्हती.

रात्री आम्ही दोघे त्याच्या मोबाइलवर तक्रार लिहायला बसलो. गाण्याच्या हक्काला नोंदणी लागत नाही, रचणाऱ्याचा तो आपोआपच होतो, हे ऐकून त्याचे डोळे चमकले. मोठ्या चित्रपटांसाठी उच्च न्यायालये आहेत. तक्रार येताच ४८ तासांत कारवाई करण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात अधिकारीही नेमले. या चौघांच्या वाट्याला मात्र चष्मा पुसत अर्ज भरणारा मी! पंधरवड्याने त्याचा फोन आला: एक प्रत उतरली, चार अजून आहेत. त्यांच्याही तक्रारी आता तो स्वतः लिहितो.

घरी आलो तेव्हा सौ.ने विचारले, “मग, काय पाहिलेत?”

“मिरची,” मी म्हणालो, आणि कपाटाच्या खणातून तो पेनड्राइव्ह काढला. ‘सैराट’ आम्ही रीतसर पैसे भरून पुन्हा पाहिला. भजी होतीच; पण या खेपेस ती गोड लागली.