इतवाऱ्यातली काँटेसा आणि पळालेले घोडे

आपल्या बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांच्या आठवणी इथे नेहमी वाचते. कुणी मांड्यांवर लिहितं, कुणी तापीच्या पुरावर, कुणी मावा जिलेबीवर. आज मी एका गाडीवर लिहिते. इतवाऱ्यातल्या जुन्या लोकांना ती पांढरी गाडी नक्की आठवेल, कारण ती वळवायची म्हटली की समोरच्याला आपली हातगाडी उचलावी लागायची.

गाडी होती काँटेसा. १९८७ ची. बाबांनी १९९२ साली एका कापूस व्यापाऱ्याकडून जुनी घेतली. आज मुलं मोबाईलवर काँटेसाचे फोटो बघून तिला ‘देशी मसल कार’ म्हणतात. दिसायला होतीच तशी. लांब बॉनेट, चार दिवे, साडेचार मीटरहून जास्त लांबी. पण मसल कार हा मूळचा अमेरिकन प्रकार. तिकडे १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओमध्ये ६.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं, ताकद ३२५ हॉर्सपॉवर. आमच्या काँटेसाचं अंग विलायतेतल्या व्हॉक्सहॉलच्या गाडीवरून घेतलेलं आणि पोटात अँबेसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, ५० हॉर्सपॉवरच्या आसपासचं. देह पहिलवानाचा आणि दम मुनीमजींचा. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन लावलेली काँटेसा क्लासिक आली, तिची ताकद ८८ च्या घरात होती. आमची त्याआधीची.

घरात आम्ही दोन बिऱ्हाडं, बाबा आणि काका. १९९६ मध्ये वाटणीची बोलणी सुरू झाली. दुकान, घर, भांडीकुंडी सगळं शांतपणे लागलं. अडलं ते गाडीवर. काकांचं म्हणणं सरळ होतं, “दादा, हिला डिझेल इंजिन बसवू आणि खंडवा लाइनला लावू. नाहीतर विकून पैसे अर्धे अर्धे करू. असिरगडच्या घाटात पोरंसोरं सायकलवरून हिला मागे टाकतात.” त्या काळी पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन टाकायची लाटच आली होती. बाबा म्हणत, इंजिन बदललं की आरसी बुकात नोंद बदलावी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि मुख्य म्हणजे मग ती ही गाडी राहत नाही.

दोघंही आवाज चढवणारे नव्हते, म्हणून तर जास्त भीती वाटायची. जेवणं मुकाट्याने व्हायला लागली. आजीने एक दिवस ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, “एका लोखंडासाठी भाऊ तोडता का रे?” त्यावर काकांनीच तोड काढली. मे महिन्यात, भर दुपारी, पाच मोठी माणसं आणि डिकीत सामान घेऊन गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये, न उकळता असिरगडचा घाट चढायचा. चढली तर आहे तशी ठेवायची. नाही तर विकायची. सकाळी का नको, असं आईने विचारलं तर काका म्हणाले, “वहिनी, सकाळच्या गारव्यात म्हैस पण चढते.”

हाताशी तीन महिने होते. शनवाऱ्यापुढे एक उस्ताद होते, सगळे त्यांना उस्तादच म्हणत. बाबांनी विचारलं, याची ताकद वाढेल का? उस्तादांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला आणि म्हणाले, “भाईसाब, नए घोड़े बाद में देखेंगे. पहले जो भागे हुए हैं उनको वापस लाते हैं.”

मी तेव्हा नववीत होते. माझं काम हातात घड्याळ घेऊन मागच्या सीटवर बसायचं. इच्छापूर रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये ४० पासून ७० पर्यंत जायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहायचं. एकदा जाताना, एकदा येताना, म्हणजे वाऱ्याचा आणि चढाचा फरक निघून जातो. पहिली नोंद १६ सेकंद. ताकद मोजायचं मशीन बुऱ्हाणपुरात कुठून असणार, ही वहीच आमचं मशीन.

उस्तादांनी आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. तीन बरे, एक ढिला. हेड उतरवलं तर व्हॉल्व जळलेला आणि वर कार्बनची पापडी. कार्बन खरवडला, एक व्हॉल्व नवा टाकला, बाकीचे पेस्ट लावून सीटवर घासले. ब्रेक मागच्या चाकाला घासत होते ते सोडवले, टायरात हवा नीट भरली. डिस्ट्रिब्यूटर उघडला तर आतली वजनं गंजून जाम झालेली. ही वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि ठिणगी थोडी आधी पाडतात. ती अडकली की इंजिन जोरात फिरताना ठिणगी उशिरा पडते आणि पेट्रोलचा जोर पिस्टन ढकलण्याऐवजी सायलेन्सर तापवण्यात जातो. वजनं साफ केली, पॉइंट १५ थाउला लावले. कार्ब्युरेटरच्या झडपेचा दांडा झिजून बाजूने हवा ओढत होता, तिथे नवं बुश बसवलं. एवढ्यावर वहीत १३ सेकंद आले. घोडे परत आले होते.

मग नवे घोडे. बाबांनी एका जुन्या इंग्रजी मासिकात वाचलं होतं की हेच १४८९ सीसीचं इंजिन १९५५ च्या एमजीए या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीत होतं आणि तिथे ते ७० च्या आसपास हॉर्सपॉवर देत होतं. लोखंड तेच, फरक दोन कार्ब्युरेटरचा आणि जास्त कॉम्प्रेशनचा. दुसरा कार्ब्युरेटर आम्हाला मिळण्यातला नव्हता. हेड मात्र भुसावळला पाठवून वीस थाउ घासून आणलं. हेडची जाडी कमी झाली की वरची जागा लहान होते, मिश्रण जास्त दाबलं जातं आणि स्फोटाला जोर येतो. बाबा चाळीस थाउ म्हणत होते. उस्ताद ऐकेनात. त्या वेळी साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं. फार दाबलं तर ते आपोआपच पेटतं, इंजिन खटखट वाजतं आणि पिस्टनला भोक पडतं. “घाट में भट्टी मत बनाओ,” एवढंच म्हणाले.

या इंजिनाची एक गंमत आहे. सिलिंडर चार, पण हवा आत यायला दारं दोनच. दोन-दोन सिलिंडर एका दारातून घेतात. हेडचं दार आणि मॅनिफोल्डचं तोंड एकमेकांशी नीट जुळत नव्हतं, मधे पायरी राहिली होती. उस्तादांनी गॅस्केट ठेवून खूण केली आणि आठवडाभर हाताने घासून ती पायरी काढली. दार मोठं केलं नाही, नुसता उंबरठा काढला.

शेवटचं काम आपल्या निमाडच्या उन्हाचं. हवा साधारण तीन अंशांनी तापली की इंजिनाची ताकद टक्काभर उतरते, कारण तापलेली हवा विरळ असते. आमचा एअर फिल्टर तापलेल्या मॅनिफोल्डशेजारची हवा ओढत होता. त्याला एक पाइप जोडून तोंड पुढे जाळीमागे नेलं. रेडिएटरच्या नळ्या सळईने मोकळ्या केल्या. पेट्रोल पंपावर ओलं फडकं, हा तर अँबेसिडरवाल्यांचा जुना मंत्र, पंपातलं पेट्रोल उकळून वाफ होऊ नये म्हणून. वहीतली शेवटची नोंद ११ सेकंद.

मे महिन्यातली ती दुपार. गाडी बाबा चालवत होते, शेजारी काका, मागे आई, काकू, उस्ताद. मी आजीच्या सांगण्यावरून डिकीतल्या सामानापैकी एक धरले गेले आणि काकूंच्या मांडीवर कोंबून बसले. घाट सुरू झाला. तिसरा गिअर, काच खाली, कुणी बोलत नव्हतं. काटा लालच्या अलीकडे थांबून होता. निम्म्याच्या वर गेलो आणि वळणावर कापसाचा एक भरलेला ट्रक रांगत होता. बाबांना दुसरा गिअर टाकावा लागला. गिअर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ट्रक मागे पडला, पुन्हा तिसरा, आणि थेट माथा.

वर गाडी थांबवली. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले. अटीप्रमाणे ते हरले होते आणि ते तसं म्हणणार, हे आईला आणि मला कळत होतं. काका उतरले, बॉनेटवर तळहात टेकवला, चटका बसला तसा काढला. मग म्हणाले, “ट्रक मधे आला त्याला दादा काय करणार?”

वाटणीच्या कागदावर गाडीपुढे लिहिलं आहे: दोघांची, खर्च निम्मा निम्मा.

घरात भिंत पडली, चुली दोन झाल्या. गाडी मात्र लग्नाला, दवाखान्याला, ओंकारेश्वरला दोन्हीकडची माणसं घेऊन जात राहिली. २००० साली शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं तेव्हा उस्तादांनी हेडमध्ये कडक सीट बसवून दिल्या, कारण जुन्या लोखंडी सीटना शिसंच वंगण होतं. आता उस्ताद नाहीत, काकाही नाहीत. बाबा गाडी चालवत नाहीत, पण रविवारी चालू करून कान लावतात.

ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल त्यांना एवढंच सांगेन की मोठा कार्ब्युरेटर शोधायच्या आधी कॉम्प्रेशन मोजा, ठिणगीची वेळ बघा, घासणारे ब्रेक सोडवा. निम्मे घोडे तिथेच सापडतात.

२०२२ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण आलं. जुन्या गाडीची फी त्याच वर्षी एप्रिलपासून ६०० वरून ५००० रुपये झाली होती. मी भरून टाकली, कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून चुलतभावाचे २५०० रुपये खात्यात आले.