पंगतीतला शिक्रा

देवबागात शिकार ही काही लपूनछपून होणारी गोष्ट नव्हे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधल्या वाळूच्या पट्टीवर माडांखाली घरं. रापणीचं जाळं किनाऱ्याला लागलं की वर घारी जमतात. ब्राह्मणी घार संगमावर खाली येऊन पायांत मासा उचलते, तेव्हा होडीतले पर्यटक टाळ्या वाजवतात. माशाचा कैवार कुणीच घेत नाही. आम्ही तर नाहीच. दुपारी आमच्या ताटात तोच असतो.

शिक्र्यानं परसातली चिमणी उचलली की मात्र अख्खं घर हळहळतं.

पाण्याची दोण आणि शेजारी चिऱ्यावर टाकलेल्या कण्या, एवढाच आमचा थाट. चिमण्या नि मुनिया कण्यांवर येतात, बुलबुल पाण्यावर. कबुतराहून लहान असा हा शिक्रा फणसाच्या पानांआड गप्प बसून असतो. आखूड पंख, लांब शेपूट. झाडाझाडांतून वळायला घडवलेलं अंग. आधी खार चिरचिरते, मग जमिनीलगत राखाडी काहीतरी सपकन जातं. पुष्कळदा तो हुकतो. साधलं, तर भक्ष्य पायाखाली दाबून आधी पिसं उपटतो. ती जास्वंदीत अडकून राहतात.

आपण बोलावलेल्या पाहुण्यावर घाला पडला, हे आपलं खरं दुःख. पक्षी आपल्या बाजूचा असला की सूर बदलतो. बाराव्या शतकात चालुक्यांच्या सोमेश्वरानं ‘मानसोल्लासा’त शिकारी पक्ष्यांच्या खेळाला करमणुकींत बसवलं: श्येनविनोद! राजाच्या मनगटावरून सुटलेली झेप तेवढी विनोद.

पावशा पक्ष्याचा कावा शिक्र्याहून बेरकी. अंगावर शिक्र्याचा वेश, उडणंही तसंच; लहान पक्षी घाबरून पांगतात. खातो मात्र सुरवंट, आणि अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. त्याला कुणी दुष्ट म्हणत नाही, कारण तो ‘पेरते व्हा’ म्हणतो.

शेजारच्या काकींना मात्र शिक्र्यानं नेलेल्या चिमणीसाठीची हळहळ मंजूर नाही. “तेका पण पोट आसा,” म्हणतात.

मी कण्या जास्वंदीच्या कुंपणाला चिकटून टाकायला लागलो, चिमण्यांना चटकन आत शिरता यावं म्हणून. काकींच्या मांजराला ही सोय फारच आवडली. आता त्याला दबा धरता येणार नाही इतकी लांब, आणि चिमणीला कुंपण गाठता येईल इतकी जवळ, अशी जागा शोधत कण्यांचा चिरा परसभर फिरतो आहे.