रूळ गेले, वाट उरली

मैत्रिणींनो, पुण्याहून मुंबईला आपण कितीदा तरी जातो! कधी लेकीचं बाळंतपण, कधी भाच्याची मुंज. लोणावळ्याला चिक्की घेतली, खंडाळा मागे पडलं, की गाडी बोगद्यात शिरते आणि आपण डबा उघडतो. पुढच्या खेपेला मात्र तिथे जरा खिडकीबाहेर पाहा हं!

बोरघाटातली आजची रेल्वेवाट ही पहिली नव्हे. १८५८ साली पुण्याहून गाडी निघू लागली ती खंडाळ्यापर्यंतच. पुढे पालखीत बसून घाट उतरायचा आणि खाली दुसरी गाडी गाठायची. अखेर १८६३ साली घाटात रूळ पडले. चढ इतका कठीण, की मध्येच डोंगरात ‘रिव्हर्सिंग’ स्टेशन बांधावं लागलं. तिथे गाडी थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढे. एकूण २५ बोगदे होते!

हे काम पुरं कोणी केलं, ठाऊक आहे? कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली विलायतेहून आले आणि महिन्याभरातच वारले. परका मुलूख, कपाळी वैधव्य. पण त्यांच्या पत्नी ॲलिस मागे फिरल्या नाहीत. कंत्राट त्यांनी अंगावर घेतलं आणि जाणत्या इंजिनियरांच्या हाती काम सोपवून तडीस नेलं. १८६१मध्ये चाळीस हजारांवर मजूर इथे राबत होते, त्यांत डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायाही होत्या. पटकीने हजारो गेले. ॲलिसचं नाव निदान कागदावर राहिलं, या बायांचं तेही नाही.

१९२९ साली नवे बोगदे झाले आणि रिव्हर्सिंग बंद पडलं. पुढच्याच वर्षी आपली लाडकी डेक्कन क्वीन धावू लागली, अन् जुनी वाट विसरली गेली. आज घाटात तिच्या खुणा तेवढ्या उरल्यात. पावसाळ्यात भोवती तेरडा, सोनकी फुलते. सात वर्षांनी एकदा कारवी.

सिंगापूरला २०११ साली अशीच एक रेल्वे बंद झाली. निसर्गप्रेमी मंडळींनी आधीपासूनच आग्रह धरला होता, की ही पट्टी विकू नका, हिरवी राखा. आज २४ किलोमीटरच्या त्या वाटेवर आजीआजोबा नातवंडांना घेऊन फिरतात. मग आपल्या घाटात का होऊ नये? जिथे धोका नाही तिथे पायवाट आखावी, कठडे घालावेत, माहितीचे फलक लावावेत. गावातली मुलं वाट दाखवतील, बायकांच्या पिठलं-भाकरीला गिऱ्हाईक मिळेल.

उशीर मात्र नको. घाटातला १८३०चा अमृतांजन पूल एप्रिल २०२०मध्ये सुरुंगाने पाडला. आता तो चित्रातच पाहायचा.

तोवर एक सांगते, शेजारून चालू गाड्या धावतात, तेव्हा मुलांना घेऊन रुळांकडे मुळीच जाऊ नका. खिडकीतूनच बघा, आणि घाट उतरेपर्यंत मुलांना ॲलिसची गोष्ट सांगा. पाट्या वाहणाऱ्या त्या बायांचीही सांगा, बरं का!