ज्याचा त्याचा डाव

वारंगा फाट्यावर ज्यांनीं एकदां तरी मोटार बदलली असेल, त्यांस तेथील गजबज वर्णून सांगणें नको. नांदेडहून आलेली सडक येथें दुभंगते. एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीस जाते, दुसरी हदगांवकडे वळते. या दोन वाटांच्या बेचक्यांत आमचें बाळपण गेलें, आणि खेळाचें वेड आम्हांस लागलें तेंही येथेंच.

प्रथम विटीदांडू. गल्लीवर विटी ठेवून कोलावी, मग टोला हाणावा, आणि ‘वकट, लेंड, मुंड’ म्हणत दांड्यानें भुई मोजावी, यांत आमच्या कित्येक दुपारी सरल्या. पुढें क्रिकेट आलें. क्रिकेटास चेंडू लागतो, चेंडूस वर्गणी लागते. म्हणून आमच्या मैदानाचा पहिला कायदा असा झाला कीं, बॅट ज्याची त्याचा डाव पहिला, व वर्गणी ज्याची नाहीं त्यास डावच नाहीं. बॅट आमची होती. ती बाभळीच्या फळीची होती व हातास फोड आणी. पण मालकी ती मालकी!

आमच्यांत एक मुलगा असा होता कीं, त्याच्याजवळ वर्गणीस पैसा कधींच नसे. त्यास आम्हीं चेंडू टाकावयास व अडवावयास ठेवलें होतें. चेंडू बोरीच्या कांट्यांत गेला कीं तो काढी. सडकेपलीकडे गेला कीं मालमोटारी चुकवून तोच आणी. त्याची फेक अशी कीं, आमच्यांतील भलेभले फलंदाज त्याच्यापुढें लटपटत. एके दिवशीं तो आम्हांस म्हणाला, “आज मला बॅट दे ना.” आम्हीं म्हटलें, “उद्यां.” असे ‘उद्यां’ पुष्कळ झाले. दिवाळी आटोपली, ऊसतोडीस निघालेल्या ट्रकांत त्याचें बिऱ्हाड चढलें, आणि त्यानंतर तो आम्हांस दिसला नाहीं.

हें सारें आम्ही विसरून गेलों होतों. तें आठवण्यास निमित्त झाला एक परदेशी खेळ. २०१६ सालीं भाऊबिजेस आमची बहीण आली होती. तिच्या मुलास बेसबॉलचें विलक्षण वेड. ३ नोव्हेंबरच्या पहांटे त्यानें आम्हांस हलवून उठविलें. “मामा, उठा! शेवटचा सामना आहे.” अमेरिकेंत रात्र, येथें पहांट. चहाचा पेला हातीं घेऊन त्याच्या मोबाइलच्या वीतभर पडद्यावर आम्ही शिकागोचा कब्स संघ व क्लीव्हलंडचा संघ यांची झुंज पाहूं लागलों. शिकागोच्या या संघानें १९०८ नंतर अजिंक्यपद मिळविलें नव्हतें. एकशें आठ वर्षें त्याचे चाहते वाट पाहत होते. नऊ फेऱ्या झाल्या तरी बरोबरी सुटेना. मग पाऊस आला, खेळ १७ मिनिटें थांबला, आणि दहाव्या फेरींत शिकागो ८-७ असें जिंकलें. तोंवर आमचा चहा केव्हांच निवून गेला होता.

या खेळांत चेंडू टप्पा न घेतां सरळ येतो. गोल दांडक्यानें तो टोलवावयाचा, व नव्वद-नव्वद फुटांच्या अंतरावरील तळ पालथे घालून घरीं परतावयाचें. दहांतून तीन वेळां साधलें तरी तो थोर फलंदाज! पण आमचें चित्त गुंतलें तें दुसऱ्याच गोष्टींत. भाच्यानें सांगितलें कीं, नवांचा क्रम एकदां लिहून दिला कीं तो उलटापालटा करतां येत नाहीं. पहिल्यापासून नवव्यापर्यंत प्रत्येकास डाव मिळतो, आणि नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो. एखादा फार चांगला टोलवितो म्हणून त्यास लागोपाठ दोनदां पाठवितां येत नाहीं. (चेंडू फेकणाऱ्याच्या ऐवजीं दुसऱ्यानें टोलविण्याची सवलत १९७३ सालीं निघाली खरी, आम्हांस ती रुचत नाहीं.) हें ऐकून आम्ही एकाएकीं गप्प झालों.

पुण्यास एक चेंडू टाकणारा असाच होऊन गेला. पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालचा, चर्मकार कुटुंबांतला. गोऱ्या साहेबांच्या क्लबांत मैदान राखणें व सरावासाठीं चेंडू टाकणें, ही त्यांची चाकरी. ग्रेग नांवाचा नामांकित फलंदाज आपण बाद झालों कीं त्यांस आठ आणे देई, असें सांगतात. पण बॅट कांहीं त्यांच्या हातीं कोणी दिली नाहीं. पुढें हिंदु संघानें त्यांस घेतलें, तेव्हांही चहा त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांतून मिळे. १९११ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. तरी हिंदु संघाचें कप्तानपद त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. आणि ज्या बेसबॉलचें आम्ही एवढें कौतुक करतों, त्याच्या सर्वश्रेष्ठ स्पर्धेचें दारही कृष्णवर्णीयांस सुमारें साठ वर्षें बंद होतें. तें १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिनच्या संघांतून जॅकी रॉबिन्सन उतरला तेव्हां उघडलें. हल्लीं दरसाल त्या तारखेस सर्व खेळाडू त्याचाच ४२ हा अंक पाठीवर घालतात. प्रत्येकास डाव देण्याचा नियम केला, तरी मैदानाचें फाटक लावून ठेवतां येतेंच!

त्याच दिवशीं सायंकाळीं भाच्यानें फाट्यावरचीं मुलें गोळा केलीं. बॅटीच्या जागीं धुण्याचें धोपटणें, चेंडू चिंध्यांचा, आणि तळांच्या जागीं चार चपला. नांवें त्यानें कागदावर लिहिलीं व कागद आमच्या हातीं दिला. “मामा, तुम्ही पंच. क्रम मोडूं देऊं नका.” आठवें नांव होतें हॉटेलवाल्याच्या धाकट्या मुलाचें, वय असेल सहा वर्षांचें. मोठीं मुलें म्हणालीं, “त्याला राहूं द्या, तो लिंबूटिंबू आहे.” आम्हीं कागद पुढें केला. तीनही चेंडू त्याचे हुकले. धोपटणें खालीं ठेवून तो निमूटपणें रांगेंत मागें जाऊन उभा राहिला. त्याचें नांव पुन्हा आलें तेव्हां सडकेवरील मोटारींचे दिवे लागले होते आणि चेंडू धड दिसत नव्हता. तरी आम्हीं त्यास पुकारलें.