खिशातला चाकू घेताना

मागच्या सप्टेंबरात कपाशीत हिरवी बोंडं तपासत होतो. गुलाबी बोंडअळी आत शिरली की छिद्र बुजून जातं, बोंड चिरल्याशिवाय कळत नाही. पारोळ्याच्या बाजारातून ऐंशी रुपयांत आणलेला घडीचा चाकू जोर देताच मिटला. अंगठ्याला तीन टाके पडले. त्यापायी आठ दिवस तपासणी राहिली, अन् तेवढ्यात अळीनं डाव साधला.

आता चाकू घेताना तीन गोष्टी बघतो.

१) लॉक. पातं उघडून त्याची पाठ लाकडावर हलकी आपटायची. मिटलं की परत ठेवून द्यायचा.

२) पातं. तीन इंच पुरे. स्टेनलेस लवकर गंजत नाही. साधं पोलाद दगडावर पटकन धार घेतं, पण पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं.

३) मूठ. घामेजल्या हातातून निसटायला नको.

सुतळी, पोतं, ठिबकची नळी, सगळं त्यावरच होतं. शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील.

आणि हो, एकरी २० झाडांची २० बोंडं चिरा. दोनात जिवंत अळी दिसली तर फवारणीचं थांबवू नका.

तुमच्या खिशात कोणता चाकू आहे, भाऊ?